खुनाच्या खटल्यातील अपील

खालच्या कोर्टाने फाशी दिली, हायकोर्टाने ती कायम केली आणि सुप्रीम कोर्टाने आरोपींना निर्दोष म्हणून सोडून दिले, अशी बातमी वाचली म्हणजे सामान्य माणूस बुचकळ्यात पडतो. साक्षीदार तेच, पुरावा तोच, कायदाही तोच. मग एका न्यायाधीशाला जे सूर्यप्रकाशाइतके स्वच्छ दिसले ते दुसऱ्याला का दिसू नये? पारावरच्या गप्पांत या प्रश्नाची दोन उत्तरे ठरलेली असतात. एक म्हणजे कोणीतरी पैसा चारला असेल, आणि दुसरे म्हणजे वकिलाने कायद्यातली एखादी पळवाट शोधून काढली असेल. दोन्ही उत्तरे आळशी माणसाची आहेत. अपील म्हणजे काय, वरचे कोर्ट नेमके कशाकडे पाहते आणि ते पाहणे किती मोलाचे असते, हे समजून घ्यायचे तर एखादा खटला हाती घेऊन त्याच्या मागोमाग पायरी पायरीने वर जावे लागते. तसा एक खटला आपल्या महाराष्ट्रातच, नाशिक जिल्ह्यात घडलेला आहे. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी वाटेची थोडी ओळख करून घेऊ.

पनवेलजवळचे सुकापूर डोळ्यांसमोर आणा. आज पनवेल शहर वाढत वाढत त्याच्या अंगणाशी येऊन ठेपले आहे. पण गावाची रचना, भाऊबंदकी, बांधावरचे वाद आणि एकमेकांच्या घरातले इत्थंभूत माहीत असणे, या गोष्टी शहर जवळ आले म्हणून लगेच नाहीशा होत नाहीत. समजा, अशा एखाद्या गावात रात्री खून झाला. फिर्याद पोलीस ठाण्यात नोंदली जाते. प्रेताचा पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, जागेचा पंचनामा होतो, कुऱ्हाड किंवा कोयता जप्त होतो, साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या जातात आणि दोषारोपपत्र दाखल होते. रायगड जिल्ह्यातील असा खटला सत्र न्यायालयापुढे चालतो. जिल्ह्याचे मुख्य सत्र न्यायालय अलिबागला आहे आणि पनवेललाही अतिरिक्त सत्र न्यायाधीश बसतात. तेथे साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, शपथ घेतो, सरकारी वकिलाच्या प्रश्नांना उत्तरे देतो आणि मग बचावाच्या वकिलाच्या उलटतपासणीला तोंड देतो. संपूर्ण न्यायव्यवस्थेत साक्षीदाराचा चेहरा पाहणारा न्यायाधीश हा एवढाच. त्याच्यावरच्या सर्वांना दिसतात ते कागद.

आरोपी दोषी ठरला की अपील मुंबईच्या उच्च न्यायालयात जाते. हे अपील म्हणजे सरकारपुढे केलेला दयेचा अर्ज नव्हे. दया मागणारा गुन्हा कबूल करून गयावया करतो. अपील करणारा म्हणतो की मला दोषी ठरवण्यातच चूक झाली आहे. पहिले अपील हा त्याचा हक्क आहे. कोणाच्या मेहेरबानीची गोष्ट नाही. खुनाच्या खटल्याचे अपील उच्च न्यायालयात दोन न्यायाधीश ऐकतात. सत्र न्यायालयातला साक्षीपुरावा, पंचनामे, वैद्यकीय अहवाल, सारे एकत्र बांधून त्याचा ग्रंथ तयार होतो. वकिलांच्या भाषेत त्याला पेपरबुक म्हणतात. दोन्ही बाजूंचे वकील त्यातली पाने काढून दाखवतात आणि न्यायाधीश तो सगळा पुरावा नव्याने तोलतात. खालच्या कोर्टाच्या निकालावर नुसती सही करून मोकळे होण्याची त्यांना मुभा नाही. साक्षीदार पुन्हा बोलावले जात नाहीत. क्वचित एखादा नवा पुरावा आवश्यक वाटला तर तो घेण्याचा अधिकार मात्र न्यायालयाला असतो.

फाशीच्या बाबतीत कायदा आणखी एक पाऊल पुढे गेला आहे. सत्र न्यायाधीशाने फाशी सुनावली तरी ती शिक्षा त्या दिवशी अर्धीच असते. आरोपीने अपील करो अथवा न करो, सगळे कागद शिक्कामोर्तबासाठी उच्च न्यायालयाकडे पाठवावेच लागतात आणि तेथे निदान दोन न्यायाधीशांच्या सह्या झाल्याशिवाय त्या माणसाला फासावर चढवता येत नाही. इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही व्यवस्था होती, १९७३ च्या संहितेत ती राहिली आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. पुस्तकाचे नाव आणि कलमांचे आकडे बदलले. आतला विचार बदललेला नाही.

त्याच्यावर सर्वोच्च न्यायालय. तेथे मात्र प्रत्येकाला हक्काने जाता येत नाही. खालच्या कोर्टाने सोडलेल्या माणसाला उच्च न्यायालयाने दोषी धरून फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नाही अशी कैद दिली, तर त्याला हक्काचे अपील आहे. एरवी घटनेच्या १३६ व्या अनुच्छेदाखाली विशेष परवानगी मागावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उरतो तो पुनर्विलोकनाचा अर्ज. त्याच न्यायालयाला ‘आपला निकाल एकवार परत पाहा’ असे म्हणण्याचा हा मार्ग फारच अरुंद आहे. तो ध्यानात ठेवावा. पुढे आपल्याला त्याच अरुंद वाटेने जायचे आहे.

आता खेड्यातल्या खुनाची म्हणून एक खास अडचण असते, तिच्याविषयी थोडे बोलले पाहिजे. शहरात खून झाला तर साक्षीदार बहुधा परका असतो. त्याला मारणाऱ्याशी देणेघेणे नसते आणि मरणाऱ्याशीही. खेड्यात साक्षीदार म्हणजे मयताचा भाऊ, त्याची बायको, चुलता, नाहीतर त्याच्या गटातला माणूस. पंच म्हणून सही करणाराही गावातलाच. खटला उभा राहीपर्यंत त्याची मती फिरते किंवा फिरवली जाते, आणि मग ‘पंच फितूर झाला’ असे आपण ऐकतो. मग नातलगाची साक्ष टाकून द्यायची काय? आपल्या न्यायालयांनी फार पूर्वीच सांगून ठेवले आहे की नाते हे काही साक्ष खोटी असण्याचे कारण होत नाही. उलट ज्याच्या डोळ्यांदेखत सख्खा भाऊ पडला तो खऱ्या मारेकऱ्याला सोडून भलत्याला कशाला गोवील? हे खरेच. पण त्यातही एक मेख आहे. खऱ्या मारेकऱ्याचे नाव घेता घेता त्याच्याबरोबर त्याच्या दोन भावांची, चुलत्याची आणि ज्याच्याशी बांधाचा दावा चालू आहे त्या शेजाऱ्याचीही नावे घेण्याचा मोह खेड्यात फार. दहा माणसांनी मिळून हल्ला केला म्हटले की जमावातला प्रत्येकजण खुनाचा धनी ठरू शकतो, असा आपला कायदा आहे. म्हणजे नाव घेणाऱ्याच्या जिभेवर दहा घरांचे नशीब.

उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यातील असाच खटला १९६४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. एकाच घरातली पाच माणसे मारली गेली होती आणि आरोपींची मोठी संख्या होती. तो निकाल आपले सातारचे प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी, सरन्यायाधीश असताना, लिहिला. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने त्या खटल्यात असा कस लावला होता की निदान चार साक्षीदारांनी ज्याचे नाव एकसारखे घेतले आहे त्यालाच दोषी धरावे. गजेंद्रगडकरांनी म्हटले की साक्ष मोजायची नसते, तोलायची असते, आणि त्या दृष्टीने असा कस यांत्रिक वाटेल. तरीपण जमावाच्या गुन्ह्यात दोन-तीन साक्षीदारांचा एकमुखी आधार मागणे हे अविचाराचे नव्हे. गावगाडा ज्याने पाहिला आहे त्याला या सावधपणाची किंमत सांगायला नको.

मृत्युपूर्व जबानीची गोष्ट तशीच. मरणाऱ्या माणसाने कोणाचे नाव घेतले यावर किती भरवसा ठेवायचा? नागपूरच्या एका खुनात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अशी जबानी विश्वसनीय असेल तर दुसऱ्या पुराव्याशिवायही तिच्यावर शिक्षा उभी राहू शकते; मात्र ती जबानी केव्हा, कोणी, कोणत्या शब्दांत लिहून घेतली आणि बोलणाऱ्याच्या भोवती पढवणारी माणसे होती काय, हे बारकाईने पाहावे. आणि मराठवाड्यातल्या मानवतच्या खुनांनी १९७२ ते १९७४ या काळात उभा महाराष्ट्र हादरला, तेव्हा प्रश्न होता माफीच्या साक्षीदाराचा. जो स्वतः त्या पापात भागीदार होता आणि आपली मान सोडवण्यासाठी बोलतो आहे, त्याचे ऐकायचे किती? १९७७ च्या निकालात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी जुना नियम पुन्हा स्पष्ट केला. अशा साक्षीवर शिक्षा देणे बेकायदा नाही. पण शहाणपणा असा की त्याच्या बोलण्याला दुसरीकडून बळकटी मिळावी, आणि तीही प्रत्येक आरोपीपुरती वेगळी मिळावी.

ही सगळी उदाहरणे ‘कोण’ या एकाच प्रश्नाभोवती फिरतात. खून झाला याविषयी बहुधा वाद नसतोच. प्रेत समोर असते. वाद असतो तो मारणाऱ्या हातांचा. नाशिकच्या खटल्यात हाच प्रश्न सर्वांत भयंकर रूपाने उभा राहिला.

५ जून २००३ ची रात्र. पेरूच्या एका बागेत, झोपडीत राहणारे एक शेतमजुरांचे कुटुंब. घरात नवराबायको, मुले आणि त्या रात्रीपुरता आलेला एक पाहुणा. सात-आठ अनोळखी माणसे आत शिरली. त्यांनी पैसे आणि दागिने हिसकावले, घरच्यांना बांधून मारहाण केली, बायकांवर अत्याचार केले आणि पाच माणसे ठार केली. वाचले ते दोघेच, घरातली बाई आणि तिचा एक मुलगा. मेलेल्यांत एक कोवळी मुलगी होती. या कुटुंबाची नावे मी येथे घेत नाही. त्या बाईच्या वाट्याला जे आले त्यानंतर तिचे नाव सभेत घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

अशा गुन्ह्याने समाज खवळून उठतो आणि ते योग्यच आहे. पोलिसांवर दडपण येते, तेही समजण्यासारखे आहे. त्यानंतर सहाजण पकडले गेले. ते भटक्या जमातीतले, हातावर पोट असलेले मजूर होते. वाचलेल्या मायलेकांनी त्यांना ओळखले, ओळखपरेड झाली, खटला चालला. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची जन्मठेपेत बदलली. दोषी मात्र सहाही जण राहिले. मग दोन्ही बाजू दिल्लीला गेल्या. आरोपी म्हणाले आम्हाला सोडा, सरकार म्हणाले उरलेल्या तिघांनाही फाशी द्या. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे मान्य केले. आता सहाही जण फाशीचे कैदी झाले. तीन न्यायालये, तीन निकाल आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच की हेच ते.

येथे थांबून त्या निकालातल्या शिक्षेच्या भागाकडे पाहण्यासारखे आहे. फाशी केव्हा द्यावी याचा दंडक १९८० साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी घालून दिला होता. फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणीच द्यावी आणि ती देताना नुसता गुन्हा पाहू नये, गुन्हेगारही पाहावा. त्याचे वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता. १९९५ सालच्या राजस्थानातील एका खटल्यात मात्र न्यायालयाने गुन्ह्याच्या क्रौर्याकडेच पाहावे, गुन्हेगाराकडे नव्हे, असा सूर लावला होता, आणि पुढचे काही निकाल त्याच सुरात लागले. नाशिकचा २००९ चा निकाल हा त्यांतलाच एक. योगायोग असा की त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १३ मे २००९ रोजी, पुण्याकडच्या एका अपहरण आणि खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने स्पष्ट म्हटले की राजस्थानचा तो निकाल १९८० च्या दंडकाला सोडून आहे. म्हणजे ज्या मापाने सहा माणसांच्या माना मोजल्या ते मापच खोटे होते, हे पंधरा दिवसांत जाहीर झाले. पण त्या सहा जणांच्या कोठडीचे दार काही उघडले नाही. पुढे त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचेही निष्पन्न झाले. ज्याला फाशी देण्याचा विचारसुद्धा कायद्याला करता येत नाही असा मुलगा फाशीच्या कोठडीत वर्षानुवर्षे होता!

दार उघडायला निमित्त झाले वेगळेच. पूर्वी सर्वोच्च न्यायालयातील पुनर्विलोकनाचे अर्ज न्यायाधीश आपल्या दालनात बसून, वकिलांचे न ऐकता, कागदावरच निकालात काढीत. २०१४ साली त्या न्यायालयाने ठरवले की प्रश्न माणसाच्या जिवाचा असेल तेव्हा असा अर्ज खुल्या न्यायालयात, तीन न्यायाधीशांपुढे, वकिलांचे म्हणणे ऐकूनच निकालात काढावा. कारण अगदी साधे आहे. इतर शिक्षेतली चूक पुढेमागे थोडीफार भरून काढता येते, फाशीतली नाही. त्या दारातून नाशिकचे प्रकरण पुन्हा आत गेले. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपला २००९ चा निकाल मागे घेतला आणि अपिले पहिल्यापासून ऐकण्याचे ठरवले. ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, न्यायमूर्ती अब्दुल नझीर आणि न्यायमूर्ती एम. आर. शहा यांनी निकाल दिला. सहाही जण निर्दोष.

काय सापडले होते? कायद्याची पळवाट नव्हे. सापडला एक कागद.

गुन्ह्यानंतर दोन दिवसांनी, ७ जून २००३ रोजी, वाचलेली बाई इस्पितळात होती. आठवण ताजी होती. पोलिसांनी तिला आपल्या दप्तरातल्या माहितीतल्या गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा संग्रह दाखवला आणि तिने त्यातून चार माणसे ओळखली. ही गोष्ट विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे नोंदली गेली. ते चौघे कोण? पकडलेल्या सहांपैकी एकही नव्हे. त्या चौघांवर खटला भरला गेला नाही. ते दोषी नसल्याचे कशावरून ठरले याचा खुलासाही अभियोगपक्षाकडे नव्हता. आणि ही जबानी न्यायालयापुढे आणण्याऐवजी ती बाजूला ठेवली गेली. मग त्याच बाईने पुढे दुसऱ्याच सहा जणांना ओळखले आणि त्या ओळखीवर सगळा खटला उभा राहिला.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्या बाईने मुद्दाम खोटे सांगितले असे कोणी म्हणू नये. अशा रात्रीनंतर, भीती आणि दुःख यांनी मन पिळवटून गेलेले असताना, ‘हेच ते का?’ असे पोलिसांनी पुढ्यात उभे केलेल्या माणसांविषयी विचारले म्हणजे मनाला आधार हवा असतो, आणि पाहिलेला चेहरा व दाखवलेला चेहरा यांची गल्लत होते. मानसशास्त्राने आता हे भरपूर दाखवून दिले आहे. आपल्या आजीबाईंना ते ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ एवढ्या शब्दांत ठाऊक होते. म्हणून तर ओळखपरेडीचे इतके काटेकोर नियम केले. आरोपी साक्षीदाराला आधी दिसता कामा नयेत, त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या इतर माणसांत त्यांना मिसळावे, पोलीस तेथे असू नयेत. हे सगळे केले तरीसुद्धा पहिली ओळख कोणाची होती हा प्रश्न उरतोच. आणि ती पहिली ओळख दुसऱ्याच चौघांची असेल तर दुसरी ओळख टिकणार कशी? संशय त्या बाईवर नाही. तिच्या पहिल्या शब्दाचे काय झाले यावर आहे.

इतिहासात याचा एक विलक्षण जोडीदार सापडतो. अॅडॉल्फ बेक नावाचा एक नॉर्वेजियन गृहस्थ लंडनमध्ये राहत असे. १८९५ साली त्याच्यावर आळ आला की खोटे उमराव बनून तो बायकांचे दागिने लांबवतो. एकामागून एक बायका आल्या आणि ‘हाच तो’ म्हणून शपथेवर सांगून गेल्या. पोलिसांची समजूत होती की १८७७ साली अशाच लबाडीबद्दल शिक्षा झालेला माणूस आणि बेक हे एकच. बेक ओरडून सांगत होता की मी तो नव्हे. सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तुरुंगातून त्याने अर्जावर अर्ज केले. शेवटी जुन्या कैद्याचे तुरुंगातले दप्तर काढून पाहिले तर त्या कैद्याची सुंता झालेली होती. बेकची झालेली नव्हती. दोन माणसे वेगळी असल्याचा याहून उघड पुरावा तो कोणता? पण तेवढ्यावर बेक सुटला नाही. त्याचा फक्त कैदी क्रमांक बदलला. तो सुटून आला तर १९०४ साली पुन्हा त्याच आरोपाखाली पकडला गेला, पुन्हा बायकांनी त्याला ओळखले, पुन्हा तो दोषी ठरला. शिक्षा सुनावणे बाकी होते एवढ्यात खरा भामटा दुसऱ्याच गुन्ह्यात सापडला. तेव्हा कोठे इंग्लंडचे डोळे उघडले. बेकला पाच हजार पौंड भरपाई मिळाली आणि या प्रकरणाच्या धक्क्यातून १९०७ साली इंग्लंडात फौजदारी अपिलाचे न्यायालय स्थापन झाले. ज्या इंग्रजांनी आपल्याला अपिलाचा कायदा करून दिला, त्यांच्या स्वतःच्या देशात तोपर्यंत दोषी ठरलेल्या माणसाला वस्तुस्थितीवर अपील करण्याची सोय नव्हती! आपण गोऱ्या साहेबाचे सगळे उसने घेतले असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

बेकचा कागद तुरुंगाच्या दप्तरात होता, नाशिकचा कागद तपासाच्या दप्तरात. दोन्ही ठिकाणी खरे कोणी लपवून पाताळात पुरले नव्हते. ते फडताळात होते. अपिलाचे काम पुष्कळदा असे फडताळ उघडण्याचे असते.

येथे कोणी विचारील की मग त्या पाच जीवांचे काय? त्यांना न्याय कोठे मिळाला? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. ज्या चौघांची नावे दोन दिवसांतच हाताशी आली होती त्यांचा माग त्याच वेळी काढला असता तर निदान ते कोण आणि ते त्या रात्री कोठे होते हे कळले असते. सोळा वर्षांनी ते शोधणे म्हणजे पावसाळा उलटल्यावर चिखलातले ठसे शोधण्यासारखे. निरपराध माणसाला कोठडीत घातले म्हणजे अन्याय एकाच घरावर होतो असे नाही; खुनी मोकळा राहतो आणि मयताच्या घरावर दुसऱ्यांदा अन्याय होतो. सहाजणांना फाशी झाली तेव्हा त्या मायलेकांना न्याय मिळाला असे आपण सर्वांनी मानले होते.

उलट बाजूही डोळ्याआड करता येत नाही. महाराष्ट्रातल्याच एका खुनाच्या अपिलात १९७३ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावले होते की संशयाच्या फायद्याचा अतिरेक करू नये. त्या खटल्यात सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले होते, उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरले आणि सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचेच म्हणणे उचलून धरले. त्यांचे म्हणणे असे की दोषी माणूस सुटणे हाही न्यायाचा पराभवच आहे. प्रत्येक बारीकसारीक विसंगतीवर आरोपी सुटू लागले तर लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडेल. आणि त्याच निकालात त्यांनी हेही सांगितले की आरोपी दोषी ‘असू शकेल’ आणि तो दोषी ‘असलाच पाहिजे’ यांच्यामध्ये लांबचे अंतर आहे. खेड्यातला साक्षीदार घड्याळ पाहून मार मोजत नाही. त्याने आठऐवजी नऊ म्हटले म्हणून त्याची साक्ष फेकून देणे हा मूर्खपणा होय. पण आठ-नऊची विसंगती निराळी आणि मारेकरीच निराळे असण्याची निराळी. दोहोंतला फरक ओळखण्यासाठीच अनुभवी न्यायाधीश लागतात. या देशात संशयाचा फायदा फार स्वस्त झाला आहे अशी तक्रार ऐकू येते. नाशिकच्या सहा जणांना तो मिळायला सोळा वर्षे लागली. याला स्वस्त म्हणावे असे मला वाटत नाही.

त्या सोळा वर्षांत ते फाशीच्या छायेत, बराच काळ एकांत कोठडीत राहिले, याची न्यायालयाने निकालात नोंद घेतली. गरीब आणि भटक्या जमातीतले असल्यामुळे त्यांना खोटे गोवले गेले असण्याची शक्यताही न्यायालयाने बोलून दाखवली. हे वाक्य आपण महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी नीट वाचावे. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. परंतु गावात चोरी झाली की पालावर प्रथम धाड घालण्याची सवय त्याबरोबर रद्द झाली असे म्हणता येईल काय? पाल उठवणारे पोलीस एकटे नसतात. ‘ते लोक तसलेच’ म्हणून बोट दाखवणारे आपणही असतो.

न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला आणि तपासात कसूर करणारे अधिकारी कोण हे शोधून त्यांच्यावर कारवाई करण्यास सांगितले.

राहता राहिला प्रश्न असा की ज्याच्यापाशी वकिलाला द्यायला दिडकी नाही तो मुंबई-दिल्लीपर्यंत अपील नेणार कसे? या बाबतीतला महत्त्वाचा निकालही महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात, १९७८ साली, झाला. एका कैद्याला त्याच्या निकालाची नक्कल वेळेवर मिळाली नव्हती आणि त्यामुळे त्याच्या अपिलाला वर्षानुवर्षे उशीर झाला. सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कैदेची शिक्षा झालेल्या प्रत्येकाला निकालाची नक्कल विनामूल्य मिळाली पाहिजे, तुरुंगाधिकाऱ्याने ती त्याच्या हाती पोचवून पोच घेतली पाहिजे आणि अपिलासाठी त्याला वकील परवडत नसेल तर सरकारने आपल्या खर्चाने दिला पाहिजे. कैदी तुरुंगातूनच अपिलाचा अर्ज लिहून अधीक्षकाच्या हवाली करू शकतो आणि तो अर्ज न्यायालयात पाठवणे अधीक्षकाला बंधनकारक असते. फाशी झालेल्याला उच्च न्यायालयात अपील करायला मुदत असते तीस दिवसांची. इतर शिक्षांत ती साठ दिवसांची. १९८७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण स्थापन झाले. रायगड जिल्ह्याचे अलिबागला आहे, आणि तालुक्याच्या न्यायालयात त्याची समिती असते. आपल्या वस्तीतले, शेतावरचे, घरकामाला येणारे कोणी अशा प्रसंगात सापडले तर त्याच्या माणसांना त्या कार्यालयाचा रस्ता दाखवावा, आणि निकालाची नक्कल हाती आली काय हे पहिल्या आठवड्यातच विचारावे.